टेक्सासचा बर्फ, सोलापूरचा हात

प्लेनो, टेक्सास
शुक्रवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा लांबून, पण वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली पाठ कुरकुरते, तेव्हा हा नमस्कार कमी प्रतीचा समजू नकोस.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का, की काढ्याच्या नावाखाली ते अजून नुसता गूळच खातात? मिरजेत थंडी कितपत आहे ते कळव. इकडच्या थंडीबद्दल मी पुढे लिहिणार आहे, किंबहुना दुसरं काही लिहिणारच नाही.

पत्र कशाला, फोन करायला काय झालं, असं म्हणशील. अक्का, तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागच्या खेपेला मी प्रसादच्या सासूबाईंबद्दल चार शब्द मोकळेपणाने बोललो आणि पलीकडून खुद्द सासूबाईच "नमस्कार, बरे आहात ना?" म्हणाल्या. तुझा मुलगा त्यानंतर महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. दोन बोटांनी मोठं करून वाच. आणि कृपा करून मोठ्याने वाचू नकोस.

तुला ठाऊक आहे, मी उभा जन्म सोलापुरात भूगोल शिकवला. हिमवृष्टी, गारपीट, हिमरेषा, सगळं पांढऱ्या खडूने काळ्या फळ्यावर काढून दाखवलं. बर्फ म्हणून प्रत्यक्ष काय पाहिलं, तर उसाच्या रसातला. एकदा सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, बर्फ पडताना आवाज होतो का?" मी म्हटलं, परीक्षेला नाही ते. सगळा वर्ग हसला, पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात जाऊन बसला तो उठायलाच तयार नाही. पावसाचा होतो, गारांचा तर होतोच होतो. बर्फाचा होत असेल का? केदारने इकडे बोलावलं तेव्हा सूनबाईच्या हातचं खाणं, नातीचा सहवास वगैरे कारणं मी सगळ्यांना सांगितली आणि ती खरीही होती. पण स्वेटर भरताना मनात होता तो हा आवाज.

इथे येऊन कळलं की प्लेनोत बर्फ क्वचित पडतो. (केदारला नोकरी बर्फाच्या गावात घ्यायला काय झालं होतं, हे मी त्याला विचारलं.) इथला उन्हाळा म्हणजे थेट आपलं सोलापूर, फक्त कडबा दिसत नाही. आमच्या अबोलीला आठ वर्षं झाली, पण तिच्या वाट्याला आलेला बर्फ पाळण्यातला, म्हणजे फोटोतलाच. त्यामुळे हवामान खात्याने 'शुक्रवारी वादळ येण्याची शक्यता' एवढं म्हटल्याबरोबर या गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांचं जे काय होतं, ते बघायला तू हवी होतीस.

केदारचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नाव 'पडला का?'. त्यात पुण्या-नागपूरकडची बरीच आयटीवाली मंडळी आहेत, पण बोलतात मुख्यतः दोघंच. एक राज, नागपूरचा, ज्याला प्रत्येक ढगात बर्फ दिसतो. दुसरी आसावरी, पुण्याची, इथल्या विद्यापीठात हवेवरच संशोधन करते आणि तिला बर्फातसुद्धा शंका दिसतात. या लोकांकडे दोन मॉडेलं असतात. मॉडेल म्हणजे संगणकाने मांडलेली हवेची कुंडली. अमेरिकन मॉडेल सकाळी दहाच्या सुमाराला येतं, युरोपियन दुपारी. मग दोन्ही नकाशे शेजारी ठेवून मंडळी गुण जुळतात का ते बघत बसतात. तुझ्या पंचाहत्तरीवरून तू तिथी म्हणत होतीस आणि प्रसाद तारीख, तसंच हे. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि मधल्यामध्ये आचाऱ्याला कुणी काही सांगत नाही.

सोमवारी अमेरिकन मॉडेलने आठ इंच बर्फ दिला. राजने लिहिलं, "काका, स्लेड घेऊन ठेवा यार." (स्लेड म्हणजे बर्फावरून घसरायची गाडी.) मंगळवारी त्याच मॉडेलने सगळा बर्फ उचलून शेजारच्या राज्यात नेऊन ठेवला. घरात सुतक आल्यासारखं वातावरण. बुधवारी युरोपियनने पाच इंच परत केले. केदार ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता, तिथे त्याच्या तोंडून एकदम "आला!" असं निघालं. समोरच्या गोऱ्या साहेबाला वाटलं, कुणी पाहुणा आला. मीही हळूहळू या नादाला लागलो. सकाळी चहा घेऊन केदारच्या मागे उभा राहायचो, नकाशावर बर्फाचा निळा रंग कुठवर आला ते बघायचो. ग्रुपवर मी माझा आवाजाचा प्रश्नही टाकला. राज म्हणाला, "वाऱ्याचा होतो ना काका." आसावरीने बरंच शास्त्रीय लिहिलं, की भुसभुशीत बर्फ आवाज शोषून घेतो, वगैरे. मी विचारलं, "ते ठीक आहे बाळ, पण तू ऐकलंयस का?" उत्तर आलं, "नाही काका. मी लायब्ररीत होते, खिडक्या बंद होत्या."

आता माझी अडचण लक्षात घे. माझं विमान रविवारचं. पुढच्या रविवारी मिरजेच्या हॉलमध्ये तुझी पंचाहत्तरी, आणि एकुलत्या एका भावाने भाषण करायचं, हे तूच ठरवलंयस. म्हणजे बर्फ पडायचा तर तो शुक्रवारीच पडायला हवा, आणि शनिवारी रस्ते मोकळे करून निघूनही जायला हवा. इतक्या अटी घालून मी आजवर देवाकडे काही मागितलं नव्हतं.

गुरुवारी गाव खुळावलं. दुकानातून दूध आणि पाव नाहीसे झाले, इंडियन ग्रोसरीतून इडलीचं पीठ आणि कोथिंबीर. (वादळात कोथिंबीर कशाला लागते, हे मी आमच्या सूनबाईला, रुचाला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, सगळे घेत होते, मग मीपण घेतली.") बर्फ मोजायला सपाट फळी लागते, म्हणून केदारने रुचाचा पोळपाट उचलून मागच्या अंगणातल्या टेबलावर नेऊन ठेवला. रुचाने तो दोनदा आत आणला, केदारने तिसऱ्यांदा नेला. मग रात्रीची जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं, की आज घरातले सगळे नळ थेंब थेंब चालू ठेवायचे आणि घरातली ऊब पाइपाला लागावी म्हणून सिंकखालची कपाटं उघडी ठेवायची. इथली घरं थंडीसाठी बांधलेली नसतात. पाणी वाहतं राहिलं नाही तर पाइपात गोठतं. मी मान डोलावली. भूगोलाच्या मास्तरला पाणी गोठतं हे काय सांगायचं?

पण अक्का, मान सोलापूरची नसते, हात असतो. ज्या गावात चौथ्या-पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं, तिथल्या माणसाचा हात झोपेतसुद्धा जागा असतो. पहाटे उठलो, बर्फ सुरू झाला का ते बघायला पडदा सारला. बाहेर अंधार. कानावर मात्र 'टप टप'. मी न्हाणीतला नळ बंद केला. जिना उतरलो, स्वयंपाकघरातला केला. कपाटाची दारं उघडी दिसली, तीही लोटली. (सूनबाई धांदरट आहे, असंही मनात आलं. तिला सांगू नकोस.) मग कर्तव्य केल्याच्या समाधानात मी पुन्हा गाढ झोपलो.

सकाळी अबोलीच्या किंकाळीने जाग आली. "आजोबा! इट्स व्हाइट!" धावत खिडकीशी गेलो. अंगण पांढरं होतं खरं, पण काचेवर ताडताड वाजत होतं. बाहेर हात काढला, तर तळव्यावर साबुदाणा. केदार हिरमुसून म्हणाला, "बाबा, हा बर्फ नाही, स्लीट आहे. वर गरम हवेचा थर आहे ना, त्यात वितळतं आणि खाली येताना परत गोठतं." आसावरी दोन दिवस हेच म्हणत होती, पण तिचं ऐकायची कुणाची तयारी नव्हती. पोळपाटावर जेमतेम अर्धा इंच साबुदाणा जमला होता आणि पोळपाट टेबलाला घट्ट चिकटला होता. इतक्यात रुचाने चहासाठी नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. पुढे काहीच नाही.

"काल मी सगळे नळ चालू ठेवले होते," केदार म्हणाला. मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी अमेरिकेत आहे हे मला त्या क्षणी पुरतं आठवलं.

कुणी मला बोललं नाही, हे त्यांचे संस्कार. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. प्लंबर कुणीच यायला तयार नव्हता, सगळ्या गावाचे पाइप अडलेले. राजने फोनवर सांगितलं, "केस वाळवायचा ड्रायर लावा, हळूहळू सुटतं." रुचाने ड्रायर आणला. केदारने घ्यायच्या आत तो मी घेतला. माझी चूक, मीच निस्तरणार. सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं, एका खांद्याशी कचऱ्याचा डबा, दुसऱ्याशी भांड्यांचा साबण, आणि पाइपावर गरम वारा सोडत राहिलो. त्या यंत्राचा आवाज विमानाला लाजवणारा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी पाइप घशात गुरगुरला, नळाने दोनदा ठसका घेतला आणि पाणी आलं. मी विजयी मुद्रेने डोकं बाहेर काढलं, तर स्वयंपाकघरात कुणीच नाही.

सगळी अंगणात होती. केदारच्या डोक्यावर, रुचाच्या शालीवर, अबोलीच्या पापण्यांवर काहीतरी पांढरं, मऊ. मी दारात पोचलो तेव्हा पडायचं थांबलं होतं. तो वरचा गरम थर हटला होता आणि दहा मिनिटं खरा बर्फ पडून गेला होता. कापसासारखा, म्हणे. अबोली रडवेली झाली होती. "आजोबा, आय वॉज कॉलिंग यू! किती हाका मारल्या!" मी कपाटात होतो आणि कानाशी ड्रायर होता.

अक्का, खरं सांगतो, या वयात मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. तिथेच पायरीवर बसलो आणि अबोलीला विचारलं, "निदान तू सांग. पडताना आवाज होत होता का?" तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आय डोन्ट नो, आजोबा. मी तुम्हाला ओरडून बोलवत होते ना, मग मला कसं ऐकू येणार?" केदारला विचारलं, तो म्हणाला तो अबोलीचं ओरडणं ऐकत होता. रुचा पोळपाट उपटत होती. म्हणजे बर्फ पडला, आणि ऐकला कुणीच नाही.

तेव्हा माझं आणि अबोलीचं असं ठरलं आहे, की पुढच्या वेळी अंगणात जाऊन शेजारी शेजारी उभं राहायचं आणि कुणी कुणाला हाक मारायची नाही. बाकी सगळे मजेत. आज पोळ्या ताटाच्या पाठीवर लाटल्या, बऱ्या झाल्या. भाऊजींना नमस्कार, प्रसादला आशीर्वाद, आणि त्याच्या सासूबाईंना जपून नमस्कार.

तुझा,
जगू

ता. क. पुढची वेळ कधी, हे लिहायचं राहिलं. दहा दिवसांनी आणखी एक वादळ येतंय, असं युरोपियन मॉडेल म्हणतं आहे. अमेरिकनही फारसं नाही म्हणत नाही. आसावरीच्या मते दहा दिवसांचा अंदाज म्हणजे निव्वळ गंमत, पण ती मुळातच संशयी आहे.

ता. क. २. आता मुख्य काम. दुपारी मी केदारला सांगून बसलो, की अक्काने पंचाहत्तरी तारखेऐवजी तिथीने करायचं ठरवलंय, म्हणजे पंधरवडा पुढे. त्याने लगेच तिकीटही बदललं. उद्या तो तुझं अभिनंदन करायला फोन करेल. तेव्हा तू गोंधळू नकोस, आणि त्या दिवसापुरता तरी स्पीकर बंद ठेव. तसंही तिथीच धरायची, हा हट्ट तुझाच होता. हॉल नको, घरी अंगणात पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळा, हेही तूच म्हणत होतीस, तेव्हा तुझं कुणी ऐकलं नाही. आता प्रसादला ठणकावून सांग, की माझा वाढदिवस आहे, मी म्हणेन त्या दिवशी होईल. भाऊ पाठीशी आहे. भाषण तयार आहे, त्यात बर्फ घालतो.

ता. क. ३. अबोलीने आत्ता फ्रीझरमधून एक स्टीलची डबी आणून दिली. दहा मिनिटांतला थोडा बर्फ तिने माझ्यासाठी भरून ठेवला होता. आता त्याचा खडा झाला आहे, उसाच्या रसातल्यासारखाच. मी कानाशी धरला. तीही शेजारी कान लावून बसली. काही ऐकू आलं नाही, पण बराच वेळ आम्ही ऐकत होतो.

ता. क. ४. आता रात्र झाली, आणि या कागदाचा फोटो काढायच्या आधीच राजचा नवा नकाशा आला. दहा दिवसांनंतरचं वादळ त्यातून साफ गेलं आहे. अबोलीला मी हे सांगितलेलं नाही. केदारलाही नाही, तो झोपला आहे. तू मात्र तिथीच धर, अक्का.