तिच्या वतीने

३ ऑगस्ट, सोमवार

आजचा दिवस नाकं पुसण्यात आणि बुटांच्या नाड्या बांधण्यात गेला. वर्ग-सहायक व्हायचं प्रशिक्षण म्हणजे सकाळी शाळेत हे सगळं करायचं आणि दुपारी त्यावर व्याख्यान ऐकायचं!

घरी आले तर बाबा गॅरेजचे काळे हात धूत होते. "काय पदवीधर, किती नाकं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चेष्टा पुरे. शिकवते ती."

शिकवत नाही मी. निदान अजून तरी. पण आईचं बोलणं खोडून काढवलं नाही. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. तिला एवढं वाक्य तरी मिळायला हवं.

४ ऑगस्ट, मंगळवार

मला एक मुलगी नेमून दिली आहे. सहा वर्षांची. पुढच्या दोन दातांनी पेन्सिल कुरतडत बसते, म्हणून मनातल्या मनात तिला खार म्हणते. घरी तिची अखंड टकळी चालू असते म्हणे. शाळेत मात्र पहिल्या दिवसापासून चकार शब्द नाही.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "महिनाअखेरीला बैठक आहे. तोवर शाळेत एकाही मोठ्या माणसाशी बोलली नाही, तर तिला वेगळ्या शाळेत पाठवतील."

ती शाळा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. हिच्या मैत्रिणी इथे. मी हिला जाऊ देणार नाही. बस्स, ठरलं.

७ ऑगस्ट, शुक्रवार

आमची गट्टी जमली! नजर बाटलीकडे गेली की तहान. पाय हलायला लागले की बाथरूम. मी बाईंना सांगते, तिचं काम होतं. "तुला बरं कळतं तिच्या मनातलं," त्या म्हणाल्या. दिवसभर मी जमिनीपासून चार बोटं वर.

११ ऑगस्ट, मंगळवार

चित्रकलेच्या तासाला खारीने नुसती भुवई उडवली आणि मी निळा खडू आणायला पळाले.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आज प्रशिक्षणाच्या मॅडम मागच्या बाकावर बसून माझं काम बघत होत्या. मला वाटलं, पाठ थोपटतील.

"छान दुभाषी मिळालाय तिला," त्या म्हणाल्या. "आता तिने बोलायचं कशाला?"

"पण मॅडम, तिला तहान लागली होती—"

"लागू दे. जरा तहानली म्हणून वाळणार नाही ती. उद्यापासून हात मांडीखाली घेऊन बस. तोंडाचं काय करायचं ते तू बघ."

खूप लागलं. लागलं, कारण खरं होतं.

रात्री जेवताना शेजारच्या काकू डोकावल्या. "आज पोरगी गप्प का?" आई म्हणाली, "दमलीय." दमले नव्हते मी.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

हात मांडीखाली. मुंग्या आल्या. खारीने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बाटलीकडे. मी फळ्याकडे बघत बसले. शेवटी स्वतः उठली, बाटली घेतली. परत येताना माझ्याकडे अशी बघत आली, जणू मी तिचा डबा चोरून खाल्लाय.

२० ऑगस्ट, गुरुवार

कट्टी अजून चालूच. मी शेजारी बसले की दप्तर मध्ये ठेवते. शब्द एक नाही. आधी निदान मी तरी होते तिला. आता तेही गेलं. मॅडमचं ऐकून चूक तर केली नाही ना?

२७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या बैठक.

शाळा सुटल्यावर खारीची आई फाटकाशी थांबली होती. "ताई, उद्या तुम्ही बोलाल ना तिच्यासाठी? तुम्हाला सगळं कळतं तिचं."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणवलं नाही. "मी येते," एवढंच म्हणाले. बिचारीला तेवढ्यानेही धीर आला, त्याचीच लाज वाटतेय.

सांगण्यासारखं खूप आहे. ती हसते कधी, चित्रात घराला दारं दोन का काढते. सगळं पाठ आहे माझं. बोलले तर कदाचित इथेच ठेवतील तिला. पण मग तिथेही मीच बोललेली असेन.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

मुख्याध्यापिकांची खोली. खार तिच्या आईच्या आणि माझ्या मध्ये. समोर मॅडम, वर्गशिक्षिका.

मुख्याध्यापिकांनी विचारलं, "बाळा, तुला याच शाळेत राहायचंय का?"

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली दाबून धरले होते, पण तोंडाने दगा दिला. "तिला ना, खरं तर—"

गुडघ्यावर चापट बसली. चांगली जोरात.

"तू नको, ताई. मी सांगणार."

मग पाय हलवत विचार करत बसली. मुख्याध्यापिकांनी पेनाला टोपण लावलं आणि खुर्चीत मागे टेकल्या. कुणालाच घाई नव्हती.