पेटीतले टाक

करमाड, मार्च १९८८

चिरंजीव सूर्यभान,

चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला असलेली बौद्धाघरची पोरगी तू बायको केलीस, ते मी गिळलं. ती नामांतराच्या मोर्चाला जाती, त्यालाही माझी हरकत नाय. पण माझ्या नातीबद्दल "वैशूचा धर्म मोठी झाल्यावर तीच ठरवील" असं तुम्ही दोघं म्हणलात, तवाच मला लई संशय आला. कोणत्या माळावर जायचं ते कोकरू ठरवितं व्हय? मेंढरं हाकणारा आधीच ठरवून बसलेला असतो.

म्हणून परवा तुमच्याकडं मुक्कामी होतो तवा, तुम्ही कामावर गेल्यावर मी तुझी लोखंडी पेटी उघडली. तू वेगळं बिऱ्हाड केलंस तवा मी खंडोबा-बिरोबाचे चांदीचे टाक दिले होते. ते तळाशी पांढऱ्या फडक्यात होते. शेजारी तसल्याच फडक्यात बुद्धाची लहान मूर्ती होती. मला वाटलं, सूनबाईनं आपले देव दडवले. मी टाक फडक्यासकट, न सोडताच कोपरीच्या खिशात घातले अन् एसटी धरली.

घरी फडकं सोडलं, तर टाक चिंचेनं घासून लख्ख केलेले. आपल्या देव्हाऱ्यातले तर काळे पडलेत. आत सूनबाईच्या अक्षरात चिठ्ठी होती, "वैशूसाठी, आजोबांकडून."

हे पत्र टपालात टाकलं तर माझी चोरी उघडी पडती. नाय टाकलं तर एक दिवस वैशू पेटी उघडंल. तिला निवडायला एकच वस्तू दिसंल, अन् ते ठरविणारा मी असंल.

तुझा बाप,
कडूबा