कांजण्या कुणी दिल्या

मुक्काम मंजुश्रीकडे, नांदेड

चि. अंजूस, अनेक आशीर्वाद.

माझी कमरेवरची नागीण सुकली, काळजी नको. डॉक्टर म्हणतो, लहानपणीच्या कांजण्यांचा विषाणूच साठ वर्षं नसेत दडून बसला होता. म्हणजे तुझाच. तुला कांजण्या आल्या, तेव्हा आईनं मलाही त्याच अंथरुणावर लिंबाच्या पाल्यात निजवलं होतं.

नागिणीची लस घेतलेल्यांना विस्मृतीचा आजार कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय म्हणे. मग डॉक्टरनं माझीच परीक्षा घेतली. तीन शब्द सांगितले, मला दोन आठवले. तिसरा लक्षात ठेवण्याच्या लायकीचा नव्हता, असं मी सुनावलं.

आईनं शेवटी आपल्याला विचारलं होतं, "कुणाच्या गं तुम्ही?"

तुझ्या उदगीरला ती लस मिळते का बघ, आणि घे. कांजण्या कुणी कुणाला दिल्या, हे एकीला तरी आठवायला हवं.

तुला जन्मभर सोसणारी,
अक्का