कलम पहिलं: पाण्याखाली सोडलेल्या वस्तू

२ जानेवारी १९८३, सकाळी ७
नव्या वर्षाचा संकल्प: जगातल्या समुद्रांचा प्रश्न मार्चअखेर निकालात काढायचा. गेल्या महिन्यात तिकडं जमैकात शंभरावर देशांनी समुद्राच्या कायद्यावर सह्या केल्या. कायदा मी वाचलेला नाही, पेपरातली बातमी वाचली. तेवढ्यावरून उणिवा लक्षात आल्या. पाण्याखालच्या सुरक्षिततेचा धड विचारच झालेला नाही. अकरा कलमांची योजना लिहून थेट संयुक्त राष्ट्रसंघाला रजिस्टर पोस्टानं पाठवणार. बी.ए. भूगोल, सेकंड क्लास. चिकलठाणा एमआयडीसीत आठ वर्षं स्टोअरकीपर. कुठली वस्तू कुणी कुठं ठेवली, याची नोंद माझ्याइतकी कुणाला जमणार? समुद्र मी पाहिलेला नाही. त्यामुळं मन निःपक्षपाती आहे.

कलम १: ज्या देशानं पाण्याखाली काही सोडलं असेल, त्यानं ते चारचौघांत कबूल करावं.

इथं हात थांबला. थंडी फार आहे.

१६ जानेवारी
योजनेत घरच्यांचा व्यत्यय. मुकुंदवाडीतल्या आमच्या खोलीपुढं मुंजाबाचा दगड आहे. माझा धाकटा भाऊ नवव्या वर्षी तापानं गेला. बिनलग्नाचं पोर गेलं की त्याचा मुंजाबा होतो, म्हणून मायनं गावी पिंपळाखाली त्याच्या नावानं दगड मांडून शेंदूर लावला होता. आठ वर्षांपूर्वी गाव जायकवाडी धरणात गेलं, तेव्हा दगड इकडं आणला. मीच आणला. माय रोज सकाळी त्याच्यापुढं वाटीभर पाणी ठेवते.

आज म्हणाली, हा बोलत नाय. गावाकडं लई बोलायचा. मी समजावलं की पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपट वेगानं जातो, शहराच्या हवेत असल्या अडचणी यायच्याच. ती वाटी घासायला घेऊन गेली.

संध्याकाळी वाटी रिकामी. बायकोला विचारलं. सुगंधा म्हणाली, चिमण्या पितात. पटलं.

६ फेब्रुवारी
वाटीवर ताटली झाकली, ताटलीवर वीट ठेवली. संध्याकाळी वाटी कोरडी. म्हणजे वाटी गळकी. नवी स्टीलची आणली.

कलम ४: समुद्रातली गळती शोधायला सर्व देशांनी एकमेकांना मदत करावी.

१३ फेब्रुवारी
नवी वाटीही कोरडी. बाष्पीभवन. फेब्रुवारीत इतकं होतं का, ते लायब्ररीत बघायचं.

शर्टाला नदीच्या गाळाचा वास येतो. साबण बदलायला सांगितलं.

२७ फेब्रुवारी
विद्यापीठात समुद्रकायद्यावर परिसंवाद आहे असं कळलं. तिथं निबंध वाचायचा ठरवलं. निबंधाचा विषय: 'सागरसंपत्तीचा जपून वापर व राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य'. कलम ६ त्यातच घातलं: जाळ्यात आलेलं लहान पिल्लू परत पाण्यात सोडावं, म्हणजे ते मोठं होईल. हे कलम तीनदा खोडून लिहिलं. निब खराब असावी.

स्टोअरमध्ये माझ्या हाताखालच्या सांडूला सगळं वाचून दाखवलं. सांडू कन्नड तालुक्यातला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात पहिल्यापासून असतो, दोनदा तुरुंगात जाऊन आला, डोक्यावर टाक्यांची खूण आहे. तो म्हणाला, परवा बंद आहे, परिसंवाद कसला होतो. तसंच झालं. पुढं ढकलला. एका नावापायी समुद्र अडून राहिले.

२० मार्च
काल झोप नाही. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मुंजाबा हलवायचा तर रीत आहे. थोरल्या भावानं जायचं, नारळ ठेवायचा, नाव घेऊन हाक मारायची, 'चल, घर बदललं' म्हणायचं. मग दगड फडक्यात घ्यायचा आणि घर येईतो कुणाशी बोलायचं नाही. मायनं मला पाठवलं. पण त्याच दिवशी कंपनीत इंटरव्ह्यू होता. बिडकीनजवळ रस्त्याच्या कामाला डबराचा ढीग पडला होता. त्यातला एक बेताचा दगड उचलला, शेंदूर लावला. शेवटचा अर्धा मैल मात्र कुणाशी एक अक्षर बोललो नाही. प्रामाणिकपणा सोडला नाही.

म्हणजे माय आठ वर्षं रस्त्याच्या दगडाला पाणी घालते, आणि तो तिकडं धरणाच्या तळाशी बसून आहे.

शास्त्रीयदृष्ट्या दगड हा दगडच. योजना काल रजिस्टरनं पाठवली. अकराच्या अकरा कलमं. पोस्टातल्या बाईनं पाकीट दोनदा उलटून पाहिलं.

१७ एप्रिल
पैठणहून मावसभाऊ मल्हारी आला. धरणाचं पाणी खूप उतरलंय, म्हणाला. आपल्या गावची देवळाची जोती दिसतात, पिंपळाचं खोडसुद्धा. माय उठून बसली. म्हणाली, आखाजीला मला तिथं घेऊन चल, त्याच्या जागेवर पाणी सोडायचंय.

तिथं गेली की खरा दगड दिसणार. माय सत्तर वर्षांची. हे तिला सोसायचं नाही.

प्लॅन: आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी गुपचूप जायचं, खरा दगड आणायचा, खोटा उचलायचा. एक रविवार पुरे.

२४ एप्रिल
स्टॉकटेकिंग. जमलं नाही.

१ मे
सुट्टी होती. पण संयुक्त राष्ट्रसंघाचं उत्तर कधीही येऊ शकतं, अशा वेळी माणसानं घर सोडू नये.

८ मे
काल स्टोअरमध्ये सांडूला सोबत येतो का विचारलं. त्यासाठी सगळं सांगावं लागलं. तो चहा प्यायचा थांबला. भावाचं नाव काय, म्हणाला. मी म्हटलं, नावाचा इथं काय संबंध. आपल्याला दगड आणायचाय. तो म्हणाला, हाक तर मारावी लागंल ना. मी पावत्या चाळायला लागलो.

मग तो हळू बोलला, पण बोललाच. "आम्ही एका नावासाठी डोकी फोडून घेतली, कारभारीभाऊ. तुमच्यानं घरातलं एक नाव घेतलं जात नाय?"

हाताखालच्या माणसाला फार जवळ करू नये.

१२ मे
एकटाच गेलो. रजा टाकून. पैठणहून मल्हारीच्या सायकलीवर. गाळ सुकून भेगाळलेला, पण पिंपळाकडं अजून ओला. खोड काळं, अर्धं. बुडाशी काहीतरी तांबडं होतं. ऊन असेल. दोनशे पावलं राहिली होती. खोल पाण्यात उतरणाऱ्यानं तयारीशिवाय पुढं जाऊ नये, असं माझ्याच कलम ९ मध्ये आहे. स्वतःचा नियम स्वतः मोडणं बरं नव्हे.

परत आलो. रात्री जेवलो नाही. शर्टाला तोच वास.

१५ मे, आखाजी
जसं झालं तसं लिहितो.

माय चपला काढून गाळात शिरली. मी थांब म्हणेपर्यंत निम्मी वाट चालून गेली. घोट्यापर्यंत चिखल, हातात मडकं, काखेत गाठोडं. पिंपळापाशी दगड होता. शेंदराचा खपला अजून तसाच. माय दचकली नाही. खाली बसली, त्याच्यावर हात फिरवला, मडक्यातलं पाणी हळूहळू ओतलं. मग गाठोडं सोडलं. आत आमच्या दारातला, माझा, डबराचा दगड.

"पहिल्याच दिशी वळखला व्हता मी," म्हणाली. "लेकरू हाताला कळत नाय व्हय?"

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, एवढं कसंबसं विचारलं.

"तू बोलशील म्हून."

मग म्हणाली, "थोरला हायस. मार हाक."

मी तोंड उघडलं. खरं ते इथंच लिहितो: दगड आणायच्या दिवशी इंटरव्ह्यू नव्हता. दुसऱ्या दिवशी होता. मी गावाच्या शिवेपर्यंत येऊन माघारी फिरलो होतो. कारण त्याच्या शेवटच्या तापात वैद्यानं पाणी देऊ नका म्हणून सांगितलं होतं आणि मला तांब्यापाशी बसवलं होतं. मी बारा वर्षांचा. तो दिवसभर मागत होता. दादा, घोटभर. मी दिलं नाही. चोख ड्यूटी केली. दिवेलागणीला तो मागायचा थांबला.

त्याला हाक मारली आणि त्यानं पाणी मागितलं तर?

आवाज फुटला नाही. मायनं रिकामं मडकं बाजूला ठेवलं. मग रस्त्याचा दगड त्याच्याशेजारी ठेवला. "आठ वर्सं ह्याच्याशी बोलले, ह्यो बी आता आपलाच. ह्याला सोबत ठिवते. तुझ्या तोंडातून नाव निघंल तवा दोघायला घेऊन ये."

एसटीत ती झोपली. माझ्या मांडीवर रिकामं गाठोडं होतं.

२२ मे
पुढच्या रविवारी नक्की. घरात हाक मारायचा सराव करणार.

२९ मे
घरात माणसं फार असतात. पुढचा रविवार.

१९ जून
मल्हारीचा निरोप: वरून पाणी आलं, खोड बुडालं.

संयुक्त राष्ट्रसंघाचं कार्ड आलं. छापील, इंग्रजीत, दोन ओळी. आपलं पत्र मिळालं, नोंद घेतली. बायको म्हणाली, फ्रेम करायची का. नको म्हटलं.

दारातली जागा रिकामी आहे. तरी तिथं वाटी ठेवायचीच, असं मायनं सांगितलंय, आणि ते काम आता माझ्याकडं आहे. आज वाटीपाशी बसून नाव घेऊन पाहिलं. नाही जमलं. म्हणून इथं लिहितो. कचरू.

संध्याकाळी वाटी रिकामी होती. वाटी गळकी नाही. चिमण्याही नव्हत्या, मी दिवसभर तिथंच बसून होतो. पुन्हा भरून ठेवली.