बिनकानाचा कप

३ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा स्टीलचं ताट फेकलं यांनी! वरण भिंतीभर. "ताटात कोणीतरी हाय, माह्याकडे पाहून राह्यलं," म्हणाले. स्वतःचाच चेहरा तो, चकाकीत दिसलेला.
देवराव. नवऱ्याचं नाव मी कागदावरच घेते, तोंडाने नाही. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टर. आता कधी पांढरकवड्याच्या या घरात असतात, कधी अजून गाडीतच.
सलोनीला फोनवर सांगितलं. आमची पोरगी जपानात म्हाताऱ्यांच्या आश्रमात नोकरी करते, तिला यातलं कळतं. म्हणाली, "आई, स्टील बंद कर. चमक नको बाबांना. मी इथून चिनीमातीची भांडी पाठवते, तू फक्त पसंत कर."
जपानची भांडी अन् त्यात आमचं वरण-भात!

६ नोव्हेंबर, गुरुवार
सलोनीने दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला. केवढं दुकान! चष्मा लावून बसले. पांढरे, फुलाफुलांचे वाडगे मला फार आवडले. ती नाही म्हणाली — पांढऱ्यात पांढरा भात बाबांना दिसणारच नाही, आतून गडद घे. खरंच की! दुसरे मातकट रंगाचे, बारीक तडे गेल्यासारखे दिसणारे. त्यात म्हणे हळद शिरेल, महिन्यात पिवळे पडतील. शेवटी आतून निळे, गुळगुळीत ठरले. बुडाला उंच कडं आहे. तिथे धरलं की गरम वरणाचा चटका बसत नाही. हुशार लोक!
तिकडे ज्याचा वाडगा त्याचाच, दुसरा कोणी त्यात जेवत नाही. "तुमचे दोन, आई. बाबांचा मोठा, तुझा लहान."
दोन म्हटलं.
हे मागे बसले होते. म्हणाले, "तीन सांग."

७ नोव्हेंबर
तीन कायले, विचारलं. "तीन सिटा हायेत ना घरात." कंडक्टरची मोजणी! हसले मी.
पण दुपारी जेवताना सरकून बसले. भिंतीच्या बाजूला एका माणसाची जागा सोडून.

९ नोव्हेंबर, रविवार
एकतीस वर्षं नर्स होते मी आरोग्य केंद्रात. या विसरण्याच्या आजारात नसलेली माणसं दिसतात, माहीत आहे. घाबरायचं नाही, वाद घालायचा नाही. म्हणून अगदी सहज विचारलं, कोण आहे?
"पोरगी हाय."
सलोनी?
"सलोनी कायले? तिच्याहून मोठी. केस पिकून राह्यले थोडे थोडे."
काय म्हणते?
"बोलत नाही. तू जेवते तं तुयाकडे पाह्यते."
मी पानावरून उठले.

१२ नोव्हेंबर
लिहू की नको.
सलोनीने कपांचे फोटो पाठवले. दोन तऱ्हा — कानाचे आणि बिनकानाचे. तिकडे चहा बिनकानाच्या कपातच पितात. यांचा हात थरथरतो, मला कानाचे बरे वाटले. यांना दाखवले. बराच वेळ पाहिलं यांनी.
"मले कोणताही चालते. तिच्यासाठी बिनकानाचा घे. तिचं थे बोट अडकते कानात."
कोणतं बोट?
माझा डावा हात ओढून घेतला. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला आपलं बोट टेकवलं.
"हे जास्तीचं."
कुकर शिट्ट्या देत राहिला.

१३ नोव्हेंबर
काल पुढचं लिहिलं नाही. आज लिहिते.
आमची पहिली मुलगी. सत्याऐंशी साल, फुलसावंगी, माझं माहेर. डाव्या हाताला सहा बोटं. हे तेव्हा डेपोत नवीन, रजा मिळाली नाही. माय म्हणाली, बोटाचं सासरी बोलायचं नाही, नावं ठेवतील. नवव्या दिवशी पोरीने दूध सोडलं. माय म्हणाली, होते असं, उद्या पाहू. मी नर्सिंगची परीक्षा पास झालेली बाई! मला कळत होतं. तरी उद्या म्हटलं. अन् दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हटलं. अकराव्या दिवशी ती गेली.
यांनी तिला पाहिलंच नाही. हे पोहोचले तेव्हा मातीही देऊन झाली होती. बोटाचं मी यांना सांगितलं नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही. सलोनीला तर आपल्याला बहीण होती हेच माहीत नाही.
नाव ठेवलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर
फुलसावंगीला ताईला फोन केला. तानाबाई, माझी थोरली बहीण, तेव्हा घरात होती. विचारलं, त्या बोटाचं तू कधी यांना बोललीस का?
"काय बोलून राह्यली तू! मायनं शपथ घातली होती. मी तं माह्या नवऱ्यालेही नाही सांगितलं."
मग ती एकदम हळू आवाजात, "काहून विचारून राह्यली, सत्यभामा?"
मी फोन ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार
सलोनीला सांगितलं — वाडगे तीन, ताटल्या तीन, कप तीन. कप बिनकानाचे.
"तिसरा सेट माझा ना, आई?" केवढी खूश झाली!
हो म्हटलं.

२८ नोव्हेंबर
पार्सल आलं. एकही फुटलं नाही. जपानी अक्षरांच्या पेपरात एकेक गुंडाळलेलं. ताटल्या सपाट आहेत, भाकरी छान बसते. निळ्यात भात स्वच्छ दिसतो. हे पोटभर जेवले, शीतही सांडलं नाही!
तिसरा वाडगा यांनी स्वतः उचलला आणि भिंतीजवळ ठेवला. रिकामा कसा ठेवू? दोन चमचे भात घातला, वर वरण. आमचं जेवण झालं तरी भात तसाच होता. हायसं वाटायला हवं होतं.
वाईट वाटलं.

२ डिसेंबर
रोज वाढते आता. कपात चहासुद्धा ठेवते.
आज मी भिंतीकडे पाहत बसले होते, तर हे म्हणाले, "तिकडे नाही. जराशी इकडे पाह्य." मी मान वळवली. "अजून थोडं खाली." नजर खाली घेतली.
"हां. आता बरोबर. आता हासली थे."
तिथून डोळे काढले नाहीत मी.

३ डिसेंबर
व्हिडिओ कॉलवर सलोनीला तिसरा वाडगा दिसला. भात घातलेला. "कोण आलंय जेवायला?" बाबा ठेवतात म्हटलं. ती फोनच्या अगदी जवळ आली. मग म्हणाली, "बाबा की तू?" डॉक्टरकडे न्यायचं वचन घेतलं माझ्याकडून.

५ डिसेंबर, शुक्रवार
यवतमाळला जाऊन आलो. डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलले. सकाळी एक गोळी. "दिसणारी माणसं कमी होतील, ताई. बहुतेक जातीलच." यांनी विचारलं, "कुठं जातीन?" डॉक्टर हसले.

१३ डिसेंबर
गोळीचा गुण आला. चिडचिड नाही, झोप नीट. शेजारच्या बबनरावांना नावाने हाक मारली! ते ओट्यावर येऊन बसले, दोघं जुन्या गाड्यांचं बोलले. सलोनी फोनवर आनंदाने रडली. जानेवारीत रजेवर येते आहे.
सगळं चांगलं होतं आहे. सगळं.

१७ डिसेंबर
भिंतीजवळ वाडगा ठेवला, भात वाढला. हे म्हणाले, "हा कोणाचा?"
तिचा, म्हटलं.
"कोणाचा?"
पोरीचा. बोटवाल्या पोरीचा.
माझ्याकडेच पाहत राहिले, काळजीने. भिंतीकडे मानसुद्धा वळवली नाही. "अवं, आपण दोघंच तं हाओत घरात. तुले बरं नाही काय?"
जेवले. हात धुतले. पेपर घेऊन ओट्यावर गेले.
मी भिंतीसमोर बसून राहिले. डावीकडे पाहिलं, खाली पाहिलं. नेमकं कुठे पाहायचं ते सांगणारं आता कोणी नाही.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळची गोळी दिली नाही. उद्याही देणार नाही. सलोनीला फोनवर एवढंच म्हटलं — येताना तुझा वाडगा घेऊन ये.