मधल्या खुर्चीची व्यवस्था

शनिवार, दिनांक ८ मार्च २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मी दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून पडलेली असताना, माझ्या घरातल्या पुढच्या खोलीची लाकडी जमीन माझ्या मुलाने आणि सुनेने परस्पर पॉलिश करून घेतली. वेळेबद्दल वाद नको. पराक्रमाचा फोटो थोरल्याने त्याच मिनिटाला घरच्या ग्रुपवर टाकला होता, खाली ‘आईसाठी सरप्राइज’ असे लिहून. त्या सकाळमुळे मला हे मृत्युपत्र लिहावे लागत आहे. एरवी इतक्यात मरण्याचा माझा विचार नव्हता, आणि आजही नाही.

मी, खाली सही करणारी, टेलिफोन एक्स्चेंजमधून सेवानिवृत्त, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती काही जणांना नकोशी वाटावी इतकी चांगली आहे आणि दोन्ही कान शाबूत आहेत. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायचे तर माणसाला समोर येऊन बसावे लागते, आणि तेवढी सवड या कुटुंबात कोणाला नाही.

कलम १. माझ्या पश्चात घर आणि बँकेतली शिल्लक थोरला आणि धाकटी या माझ्या दोन मुलांना सारखी मिळावी. रागाच्या भरात एक नाव गाळायचे ठरवले होते. पण पॉलिशचा रंग धाकटीने फोनवरून पसंत केला होता असे नंतर कळले, त्यामुळे समानता आपोआप आली.

कलम २. खोलीत नव्याने आलेला राखाडी सोफा सूनबाईला. सूनबाई कामाची आहे, माझ्या आजारपणात तिने हातचे राखून काही केले नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. पण नीटनेटकेपणाचे वारे अंगात आले की तिला आवरणे देवाच्या बापाला जमणार नाही. मी दवाखान्यातून आले तर दारातच म्हणाली, “किती मोकळं मोकळं वाटतंय ना, आई?” माझा अर्धा जबडा बधिर होता, म्हणून त्या दिवशी घरात शांतता राहिली.

कलम ३. थोरल्याने दिलेला, लोणच्याच्या बरणीएवढा बिनतारी स्पीकर थोरल्यालाच परत, मूळ खोक्यासकट. “आई, जगातली सगळी गाणी आहेत यात,” असे तो म्हणाला होता. असतील. एक्स्चेंजमध्ये जगातली सगळी बोलणी माझ्या कानावरून जायची. त्याला कोणी ऐकणे म्हणत नव्हते.

कलम ४. माझे दीर. घरात त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात, कारण ते स्वतः कधी गायले नाहीत, पण गाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी नावे ठेवलेली आहेत. आमच्या कपाटातल्या रेकॉर्ड ज्या क्रमाने घरात आल्या त्या क्रमाने उभ्या असतात. सतारीला लागून जॅझ, जॅझच्या बाजूला कव्वाली, तिला खेटून चर्चमधले समूहगान, मग सिनेमाची गाणी, मग पियानो. मी माहेरी गेलेली असताना या गृहस्थांनी सगळे कपाट उपसून ‘खरे संगीत’ वर आणि ‘करमणूक’ खाली असे लावले.

“वहिनी, सिनेमातलं आणि सतार एका फळीवर? शोभतं का?”

“भाऊजी, त्यांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही. तुम्ही कशाला मध्यस्थी करताय?”

क्रम पुन्हा लावून होईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि नंतरही फारसे बोलले नाही. त्यांनी ऐकायला नेलेली आणि वेष्टनावर चहाच्या कपाचा गोल उमटवून परत केलेली सिंफनीची रेकॉर्ड त्यांनाच मिळावी. कपाटातल्या इतर कशालाही त्यांनी हात लावू नये.

कलम ५. नेमके काय झाले हे आता लिहिते, कारण मुलांना ते अजून कळलेले नाही. थोरला म्हणतो, “अगं, चिकटपट्टीच तर होती!”

होती. जमिनीवर चार तुकडे होते, दोन स्पीकरांसाठी आणि दोन खुर्च्यांसाठी. त्यांवर माझ्या यजमानांच्या अक्षरात डावा, उजवा, मधली, बाजूची असे लिहिलेले होते. ते जमीन मोजणीच्या खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या बांधांची भांडणे त्यांनी टेप धरून मिटवली, आणि घरी आल्यावर माझ्याशी बोटभर जागेवरून भांडले.

दोन स्पीकर आपापल्या नेमक्या जागी बसले, की आवाज त्यांच्यातून येतो असे वाटतच नाही. गाणारी बाई त्या दोघांच्या मधोमध येऊन उभी राहते. तिने श्वास घेतलेला कळतो, मान वळवलेली कळते. जागा थोडी जरी चुकली, तरी बाई नाहीशी होते आणि दोन खोकी उरतात. ती जागा शोधायला दोन माणसे लागतात. एकाने खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे, दुसऱ्याने स्पीकर हळूहळू सरकवायचा. मी ऐकत असे, ते सरकवत.

“अजून थोडा. अहो, थोडा म्हटलं! परत मागे घ्या.”

“अगं, इकडे टेप दोन्हीकडे सारखं अंतर दाखवतेय.”

“दाखवू दे. बाई खिडकीपाशी उभी आहे. तिला मध्ये आणा.”

तानपुऱ्याच्या रेकॉर्डवर जमले की जॅझमधला मोठा बास स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरवायचा. ताटल्या शांत केल्या की समूहगानातल्या मुली एकीवर एक चढून बसायच्या. कित्येक दुपारी खिडक्या लावून आम्ही हे केले. शेवटी एका दुपारी सगळेच जमले. आधी बाई, मग बास, मग मुली, प्रत्येक जण आपापल्या जागी. यजमानांनी टेप लावून पाहिली, तर डावे अंतर उजव्यापेक्षा चांगलेच कमी निघाले. ते चिडून गुडघ्यांवर बसले, चिकटपट्टी लावली, तिच्यावर नाव घातले आणि म्हणाले, “खात्यात कळलं तर माझं पेन्शन बंद होईल.”

मधली खुर्ची एकच असते. बाजूच्या खुर्चीत बसणाऱ्याला गाणे ऐकू येते, पण बाई दिसत नाही. म्हणून आमचा नियम होता. रेकॉर्डची पहिली बाजू मधल्या खुर्चीत त्यांनी ऐकायची, दुसरी मी. रेकॉर्ड उलटवायला उठलो की अदलाबदल. ते गेल्यानंतरही मी पहिली बाजू बाजूच्याच खुर्चीत बसून ऐकते. ज्यांना हा वेडेपणा वाटतो त्यांनी कलम १ पुन्हा वाचावे. वेडीने केलेले मृत्युपत्र टिकत नाही, मग कोणालाच काही सुखासुखी मिळणार नाही.

आता चिकटपट्ट्या खरवडून काढलेल्या आहेत. टेपने मोजलेली अंतरे यजमानांनी रागाने कुठेही लिहून ठेवली नाहीत. स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना भिंतीला चिकटून उभे आहेत आणि उजव्यावर कुंडी ठेवली आहे. खुर्च्या गॅलरीत होत्या, त्या मी आत ओढून आणल्या. मी एकटीने प्रयत्न केला. स्पीकर सरकवते, खुर्चीपर्यंत जाते, बसते, तोवर आधी कसे वाजत होते ते निसटून जाते. पुन्हा उठते. गुडघे माझ्या आधी ओरडतात. बाई भिंतीत चिणल्यासारखी गाते. त्या शनिवारपासून या घरात मी एकही रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

धाकटीला फोन केला तर म्हणाली, “आई, आवाज येतोय ना? मग झालं की!”

हिला मी चालायला शिकवले.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कोणीही फोनवर काहीही वाजवायचे नाही. मला उलट बोलता येणार नाही, याचा गैरफायदा घेऊ नये.

कलम ७. टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर, दोन्ही स्पीकर, दोन्ही खुर्च्या आणि कलम ४ मधली एक सोडून सगळ्या रेकॉर्ड एकत्रच एका माणसाला जातील. त्यांची वाटणी होणार नाही. वकिलांनी त्या माणसाचे नाव विचारले. मी जागा कोरी सोडायला सांगितली. “बाई, कोरी जागा कायद्यात बसत नाही,” असे ते म्हणाले. म्हणून लिहिते की, पुरवणी जोडून मी नाव भरेपर्यंत हे सगळे माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या संगीताच्या खोलीला जाईल. तिथे एका सिस्टरने मला पहिल्यांदा रेकॉर्ड हातात दिली होती. रेकॉर्डच्या रेघांवर मी अंगठा टेकवला म्हणून त्याच हातावर पट्टी मारली होती, आणि मग शेजारी बसवून ती रेकॉर्ड पूर्ण ऐकवली होती. निदान तिथल्या मुली ती कडेने धरतील.

शाळेच्या जागी थोरल्याचे किंवा धाकटीचे नाव यावे अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी संगीतातले काही कळण्याची गरज नाही. एका दुपारी यायचे. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. कुंडी उतरवायची. मग मी मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसेन आणि सांगेन तसे स्पीकर सरकवायचे, बाई मध्ये येऊन उभी राहीपर्यंत. मी ओरडेन. यजमानांवरही ओरडत असे. एका दुपारी जमले नाही तर दुसऱ्या दुपारी यायचे. जमले की नवी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर आपल्या अक्षरात लिहायचे.

त्यानंतर एक रेकॉर्ड लावू. कोणती, ते येणाऱ्याने निवडावे. सिनेमाची चालेल. पहिली बाजू मधल्या खुर्चीत बसून येणाऱ्याने ऐकायची. दुसरी माझी.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार १: दातांचे डॉक्टर. माझी बुद्धी शाबूत असल्याचे त्यांनी पाहिले आहे. घटनेच्या वेळी मला हरकत घेणे शक्य नव्हते, हेही त्यांना ठाऊक आहे.

साक्षीदार २: तळमजल्यावरचे शिंपी. इतक्या वर्षांत गाण्याच्या आवाजाबद्दल त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. गेल्या आठवड्यात मात्र जिन्यात थांबवून विचारले, “बंद का आहे?”

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

दिनांक: १७ मार्च २०२५

प्रत रवाना: थोरला, धाकटी. कलम ७ बाबत कोण येणार आणि कोणत्या दुपारी, याचे उत्तर सोमवार, दिनांक ३१ मार्च २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. उत्तर कागदावर, स्वतःच्या अक्षरात आणि सहीनिशी हवे. ग्रुपवरचा अंगठा उत्तर म्हणून धरला जाणार नाही.