पांढऱ्याची पहिली चाल

१० जानेवारी २०२५

अवंतिकाला बुद्धिबळाच्या निवड स्पर्धेला घेऊन गेलो. रजा टाकली. तिची आई, विभावरी, तिलवाऱ्याच्या रस्त्यावर दुचाकीच्या अपघातात गेली त्याला महिना झाला. थोरली बहीण प्रमोदिनीताई सकाळी फोनवर — "काहून घाई करून राहिला रे? पोर धड जेवत नाही, अन् तू तिला बुद्धिबळाला नेतो!" घरात बसून तरी काय? बाप-लेक दोघं, आणि आवाज फक्त कुकरचा.

पहिला डाव हरली. दुसरा जिंकली — समोरच्या पोराला रडवलं! मला यातलं कळत नाही. शिकवायची ती विभावरी.

११ जानेवारी

पुन्हा तेच. सकाळचा हरली, दुपारचा जिंकली. पंच योगेशजींनी मला बाजूला घेतलं. "भैया, बुरा मत मानना. बच्ची को सफ़ेद मिलता है तो चाल ही नहीं चलती. हाथ गोद में रखे बैठी रहती है. घड़ी ख़त्म, बाज़ी ख़त्म."

काल सकाळीही असंच झालं म्हणे. मला सांगितलं नाही तिनं.

मग लक्षात आलं. पांढऱ्या सोंगट्या म्हणजे सुरुवात तिची. आणि सुरुवात म्हणजे विभावरीची ओपनिंग, किंग्ज गॅम्बिट — आधी राजासमोरचं प्यादं, मग दुसऱ्याच चालीला आणखी एक पुढे करायचं, घ्या म्हणायचं. अवंतिका सहा वर्षांची होती तेव्हापासून हेच. आईची चाल आईशिवाय कशी खेळणार लेकरू!

येताना म्हटलं, "दुसरं काही खेळ ना बेटा."

निवड तर गेलीच. उद्या शेवटचा डाव, पुन्हा पांढऱ्या. उद्याही तशीच बसली तर ही पटाला पुन्हा हात लावणार नाही. विभावरीचं तेवढंच उरलंय तिच्यात.

१२ जानेवारी

काचेतून बघत होतो. बराच वेळ हात मांडीवर. मग वजिरासमोरचं प्यादं सरकवलं. आईची चाल नव्हे, हे मलाही कळलं. हरली — पण खेळून हरली. मला बरं वाटलं!

दीक्षितपुऱ्यात घरापाशी स्कूटर थांबवली. उतरेचना. मागूनच म्हणाली, "बाबा, अपघाताच्या दिवशी मी आईला बोलले होते. तुझी ओपनिंग मला नाही पसंत. कधीच नव्हती. आता मी ती नाही खेळणार."

"मग?"

"ती हेल्मेट घालत होती. म्हणाली, संध्याकाळी आल्यावर बोलू."